स्वल्प आणि पुरे

अण्णा,

गॅरेजचं शटर अर्धं ओढून आत बसलोय. गिऱ्हाईक येऊ नये म्हणून अर्धं ओढलं आणि उजेड यावा म्हणून अर्धं ठेवलं. जेवण झालंय. एरवी या वेळी मी तुमच्या त्या लोखंडी बाकावर आडवा होतो, पण आज डोळा लागेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायला गेलो तर आधी माझाच ऐकू येतो. तरी एक गोष्ट विचारायची राहून गेलीय, आणि ती दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही. तुम्ही काम थांबवलंत आणि पाना माझ्या हातात दिलात, त्या दिवशी तुम्हाला कसं वाटलं होतं? विचारायचं कारण असं, की घरात सध्या दुसरा विषयच नाही. माझा हात अजून भरवशाचा आहे का, मी काम चालू ठेवावं की थांबावं, यावर जो तो बोलतो. मी तेवढा गप्प असतो.

राजाजीनगरातली आपली गल्ली आता तुम्ही ओळखणार नाही. बैठ्या घरांच्या जागी उंच इमारती आल्या, आणि कोपऱ्यावर जिथं लोखंड ओतायचे तिथं आता केक मिळतात. आपलं मात्र होतं तसंच आहे. पुढे गॅरेज, मागे घर, आणि मध्ये ते दार, ज्यातून आईच्या फोडणीचा वास गॅरेजात यायचा आणि तुमच्या ग्रीसचा वास स्वयंपाकघरात जायचा. बेळगावहून शिक्षण संपवून मी परत आलो, तेव्हा त्या दारात उभं राहून मला कळेना की आपण कोणत्या बाजूचे. आत्याकडे राहून मराठी शाळेत शिकलो होतो. कविता पाठ केल्या होत्या, भुजंगप्रयात आणि शार्दूलविक्रीडित बोटांवर मोजायला शिकलो होतो, आणि मराठीचा मास्तर व्हायचं मनात घेऊन आलो होतो. बंगळुरात मराठीचा मास्तर कुणाला हवा होता? आपल्या घरची मराठीसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या कन्नडमध्ये भिजून मऊ झालेली. तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हो की मास्तर. बेडा, नको कोण म्हणतंय? पण तोवर हे धर जरा." आणि माझ्या हातात नटावर टोपीसारखं बसणारं एक सॉकेट दिलंत. ते 'तोवर' अजून चालू आहे, अण्णा.

ते सॉकेट साधं नव्हतं. मूळ बाजारातलंच, पण तुम्ही त्याची बाहेरची बाजू ग्राइंडरवर घासून घासून पातळ केली होती, कारण त्या वेळच्या एका गाडीचा नट अशा अरुंद खोबणीत बसवलेला होता की जाड सॉकेट आत शिरतच नसे. तुमच्या भिंतीवर अशी कितीतरी हत्यारं टांगलेली असायची. कापलेले पाने, वाकवलेले पाने, पायपाच्या तुकड्याला जोडलेली सॉकेटं. कारखान्यातून आलेलं हत्यार तुमच्या हाती फार दिवस आपल्या रूपात टिकत नसे. आई म्हणायची, "या घरात धड असं काही राहत नाही, एक मी सोडून." त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं. "तुला बसेल असा पाना मिळाला नाही ग अजून."

तिच्या कढईची गोष्ट आठवते का? माझ्या डोळ्यांपुढे ती अजून घडते आहे. एका गाडीचं हेड बसवायचं आहे. इंजिनावरचं हे झाकण सारख्या जोरानं आवळलं नाही तर वाफ फुटते आणि जास्त आवळलं तर नट ज्या दांडीवर फिरतो ती दांडीच तुटते. म्हणून तो जोर मोजणारा पाना लागतो, टॉर्क रेंच. पण त्या हेडचा एक नट नेमका एका नळीखाली दडून बसलाय आणि टॉर्क रेंचला लावलेलं सॉकेट त्याच्यावर सरळ बसत नाही. तुम्ही एका जुन्या रिंग पान्याचं डोकं कापता, त्याला चौकोनी भोकाचा एक तुकडा वेल्ड करता. आता रिंग नळीखाली शिरून नट धरील आणि टॉर्क रेंच बाजूच्या मोकळ्या जागेत फिरेल. राहिलं फक्त त्या तुकड्याला तापवून तेलात बुडवून कणखर करायचं. तुमचा तेलाचा डबा रिकामा निघतो. तुम्ही लालभडक तुकडा चिमट्यात धरून त्या दारातून आत जाता. आईनं वड्यांसाठी कढईत तेल ओतून ठेवलंय, चूल पेटायची आहे. आणि चर्र असा आवाज आणि आईचा आवाज बरोबरच येतात.

"आज लोखंड तळून खायचंय का?"

"स्वल्पच बुडवला ग."

"मग वडेही स्वल्पच मिळतील."

संध्याकाळी तुमच्या पानात एकच वडा पडला. तुम्ही तो फार हळूहळू खाल्लात आणि म्हणालात, "सरी झालाय, अगदी बरोबर." आई हसू दाबत आत निघून गेली.

त्या तुकड्यापायीच मी तुमची पहिली बोलणी खाल्ली. मी तो टॉर्क रेंचच्या तोंडाला सरळ रेषेत लावला, दांडीपुढे दांडी असते तसा, आणि ओढायला गेलो. तुम्ही लांबूनच ओरडलात. "सरळ लावलास? अरे, हात लांब केला की काटा खोटं बोलतो. तो दाखवणार एक आणि नट खाणार जास्तच. काटकोनात लाव." काटकोनात लावला की पान्याची लांबी वाढत नाही आणि काट्यावर जे दिसतं तेच नटापर्यंत पोचतं. हे नंतर तुम्ही जमिनीवर खडूनं रेघा मारून समजावलंत. पण आधी बोललात ते मला लागलं होतं, आणि मी दिवसभर तुमच्याशी अबोला धरला. तुमच्या ते लक्षातच आलं नाही.

तुमचा टॉर्क रेंच काट्याचा होता. ओढलं की त्याची दांडी किंचित वाकायची, काटा मात्र सरळ राहायचा आणि खालच्या पट्टीवर जोराचा आकडा दाखवायचा. ओढणाऱ्यानं मान वाकडी करून बघितलं की आकडा हमखास चुकायचा, म्हणून समोर एकाला उभं करून त्याच्याकडून काटा वाचून घ्यायची तुमची पद्धत. ते माझं या धंद्यातलं पहिलं काम. नट एका दमात आवळायचे नसतात. मधल्या नटापासून सुरुवात करायची, उलटसुलट बाहेर जायचं, सगळे थोडे थोडे आवळायचे, मग परत पहिल्यापासून, आणि शेवटच्या फेरीत पुरा जोर. मी समोर उभा राहून कधी 'थांबा' म्हणायचो, कधी 'बास', तोंडाला येईल ते. आणि मधल्या रिकाम्या वेळात कविता पुटपुटायचो, कारण तेवढंच एक बेळगावहून बरोबर आणलेलं होतं.

"मध्येच का थांबतोस रे? विसरलास?" तुम्ही एकदा विचारलंत.

"नाही. तिथं स्वल्पविराम आहे."

"म्हंजे?"

"थोडं थांबायचं. संपलेलं नाही अजून, पुढे आहे."

तुम्ही पाना तसाच धरून हसलात. "मग हे आपल्या पहिल्या फेरीचंच झालं की. तिथं स्वल्प म्हण. आणि शेवटच्या फेरीला पुरे म्हण. बाकी काही बोलायचं नाही."

त्या दिवसापासून आपलं हेड बसवणं म्हणजे एक पाठांतर झालं. स्वल्प, स्वल्प, स्वल्प, आणि मग एकेक पुरे. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर यती येतो, तिथं जीभ आपोआप टेकते. तसे तुम्ही माझ्या शब्दावर टेकायला लागलात. मला वाटायचं, मास्तर नाही झालो तरी काहीतरी शिकवलंच की कुणाला.

घोटाळा व्हायचा तो झालाच. आपल्याकडे मेस्त्री होते, तुमच्या बरोबरीचे, घरी कन्नड बोलणारे, आपलं मराठी त्यांना पान्यांपुरतं कळायचं. एकदा तुम्ही तापानं झोपला होता आणि हेड बसवायचं मेस्त्रींकडे आलं. मी काटा वाचत होतो. आकडा आला तसा मी म्हणालो, "स्वल्प." मेस्त्रींनी आणखी थोडं ओढलं. मी पुन्हा म्हणालो, "स्वल्प, मेस्त्री." त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं आणि अजून थोडं ओढलं. मी घाबरून मोठ्यानं म्हणालो, "अहो स्वल्प!" त्यांनी दात-ओठ खाऊन शेवटचा हिसका दिला आणि कट्‌कन दांडी तुटली. मग ते पाना खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "नीवे स्वल्प अंद्रल्ला." तुम्हीच म्हणालात ना, थोडं, म्हणून. त्यांच्या भाषेत मी मघापासून आणखी थोडं, आणखी थोडं असंच म्हणत होतो. रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात 'स्वल्प' म्हटलं की मापात आणखी थोडं पडतं, हे मलाही ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात तो शब्द पुस्तकातून आला होता.

तुम्ही शाल गुंडाळून बाहेर आलात. दोघांचं ऐकून घेतलंत आणि इतके हसलात की खोकल्याची उबळ आली. ती बसल्यावर माझ्याकडे वळून म्हणालात, "शब्द तू आणलास, तर अर्थ पण सगळ्यांना वाटायचा." एवढंच. तुटलेली दांडी भोकातून काढायला पुढचे दोन-तीन दिवस गेले. मेस्त्री मला मरेपर्यंत 'स्वल्प मास्तर' म्हणत राहिले. मी काटा वाचायला उभा राहिलो की विचारायचे, "मास्तर, आजचं स्वल्प कवितेतलं का शेंगावाल्याचं?"

मेस्त्री गेले, गावाकडे जाऊन तिकडेच गेले. मग तुम्ही एका गाडीवर आणि मी दुसरीवर, असे दोघंच उरलो. ज्याचा काटा त्यानंच वाचायचा. आणि मग तुमच्या डोळ्यांचं सुरू झालं. त्या दिवशी तुम्ही हेडवर वाकून बराच वेळ नुसते उभे होता. मी विचारलं तर म्हणालात, "काटा दिसत नाही रे आता."

"मी वाचतो ना. पूर्वी वाचत होतोच की."

"किती दिवस वाचशील? आणि तुझ्या गाडीचं काय?"

"होईल ते."

"नको," तुम्ही म्हणालात. "तूच ओढ." पाना माझ्या हातात दिलात, हात पुसलेत, आणि त्या दारातून आत गेलात. मागे वळून बघितलं नाहीत. मी त्या पान्याची मूठ धरून उभा राहिलो. ती तुमच्या हातानं गरम झाली होती. मला वाटलं, यांचं सगळं गेलं. पुढची कितीतरी वर्षं मी तुमच्याकडे त्याच नजरेनं बघत आलो. जेवताना तुमच्याशी जरा जास्त हळू बोलायचो. गॅरेजातल्या गोष्टी मुद्दाम तुमच्यासमोर काढायचो, तुम्हाला परकं वाटू नये म्हणून. तुम्ही 'हं, हं' करत भात कालवायचात.

आता माझं सांगतो. काट्याचे पाने आता कुणी वापरत नाही. माझा पाना टक् वाजतो. आधी त्याच्या मुठीवर जोर ठरवून ठेवायचा, आणि तेवढा जोर झाला की तो आतल्या आत टक् करतो आणि हाताला बारीकसा हिसका देतो. कान हवा आणि हिसका कळणारा हात हवा. माझा एक कान केव्हाच गेलाय, दुसरा निम्मा उरलाय, आणि साखरेनं बोटांची जाण खाऊन टाकली. गरम कप धरला तरी उशिरा कळतं. तरी रेटत होतो. मग काही आठवड्यांमागे आपल्या शेजाऱ्यांच्या गाडीचं चाक मी बसवलं. प्रत्येक नटाला टक् झालं, असं मला वाटलं. ते गाडी घेऊन मुलाकडे निघाले, आणि हेब्बाळच्या तळ्यापाशी गाडी थरथरायला लागली. उतरून बघतात तर दोन नट बोटांनी फिरत होते. काही झालं नाही. माणूस सावकाश चालवणारा, म्हणून काही झालं नाही. परत आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "परवागिल्ला, हरकत नाही. वय झालं की व्हायचंच." ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ते गेल्यावर बायकोनं विचारलं, "मग टक् कुठं ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं ना."

"पाल चुकचुकली असेल."

हसायला आलं नाही कुणालाच. दुसऱ्या दिवशी ती एक स्टूल घेऊन गॅरेजात आली, सुपात अवरेकाईच्या शेंगा घेऊन बसली आणि म्हणाली, "ओढा. मी ऐकते." तुमची सून तुम्ही गेल्यानंतर आली, तुम्हाला ती ठाऊक नाही. बेळगावचीच, माझ्याच शाळेत माझ्या मागे शिकलेली, पण कवितांचं तिला कौतुक नाही. शेंगा सोलता सोलता ती टक् ऐकायची आणि 'झालं' म्हणायची. मी तिला सांगितलं, आमच्याकडे झालं म्हणत नाहीत, पुरे म्हणतात.

"पुरे म्हटलं तर थांबाल का?" ती म्हणाली. "एवढी वर्षं म्हणतेय, थांबलात का कधी?"

अशी आमची जोडी काही दिवस चालली. ती पुरे म्हणायची, मी थांबायचो. पण गल्ली आता पूर्वीची राहिलेली नाही. कधी नेमक्या वेळी पाण्याचा टँकर जायचा, कधी वरच्या मजल्यावर कुणी ड्रिल लावायचं.

"झालं का?"

"टँकर आला हो मध्येच. परत ओढा जरा."

"परत ओढून नाही चालत. सोडवून पहिल्यापासून करावं लागतं."

"मग सोडवा. माझी भाजी लागली तिकडे तुमच्या टक्‌पायी."

ती धावत आत जायची आणि मी नट सोडवत बसायचो. नट सोडवताना खांद्यातून कळ यायची, ती मी तिला सांगत नव्हतो. तिला ती दिसत होती, आणि ती मला तसं सांगत नव्हती.

मग गेल्या रविवारी मुलगी आली. ती हेब्बाळला राहते, होसकोटेला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. रोज शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाते, आणि तरी रविवारी आमच्याकडे येते. चाकाचं प्रकरण तिला आईनं सांगितलं होतं. तिनं पर्समधून एक लहानसा डबा काढला आणि गॅरेजच्या टेबलावर ठेवला.

"अप्पा, हा टॉर्क अडॅप्टर आहे. तुमचा पाना तोच, सॉकेट तेच, काही म्हणजे काही बदलायचं नाही. हा फक्त दोघांच्या मध्ये बसवायचा. इथं नंबर सेट करायचा. लाइट आधी हिरवा, जवळ आलं की पिवळा, झालं की लाल. बझर पण आहे, पण तो ऐकू नाही आला तरी चालेल. लाल दिसला की थांबायचं."

मी तो हातात घेऊन फिरवून बघितला. सॉकेटवर उभा बसतो, म्हणजे उंची तेवढी वाढते, पान्याची लांबी वाढत नाही. काट्याला खोटं बोलायला जागा नाही. तुम्हाला आवडला असता. तुम्ही तो दुसऱ्या दिवशी उघडून बघितला असतात, आणि तिसऱ्या दिवशी त्याला काहीतरी वेल्ड केलं असतंत.

शेजारी आपणहून गाडी घेऊन आले. मोठं मन आहे त्यांचं, माझ्यावर विश्वास आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून आले. मी चाकाचा पहिला नट धरला. मुलगी एका बाजूला, शेजारी दुसऱ्या बाजूला, बायको दारात. मी ओढतो. हिरवा लागतो. मी ओढतो. पिवळा. आणि त्या क्षणी, अण्णा, मी मनातल्या मनात म्हणत होतो की लागू नको. बिघडलेला निघ. माझा हात इतका गेलेला असू दे की तुझाही उपयोग होऊ नये. लाल दिवा लागला. मी थांबलो. मुलीनं कारखान्यातून आणलेल्या तिच्या पान्यानं तपासून बघितलं. अगदी बरोबर. सगळे नट बरोबर. शेजाऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मुलीचा चेहरा असा फुलला होता की तिची लहानपणची आठवण यावी. ती म्हणाली, "बघा अप्पा. आणखी दहा वर्षं आरामात."

मी हसलो. खांद्यावरचं जोखड कुणी उतरवून ठेवावं आणि मग धुऊन, पुसून, तेल लावून प्रेमानं परत आणून द्यावं, तसं झालं. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि ती आत गेली.

माझा या कामावर राग नाही. मास्तर व्हायचं राहिलं म्हणून मी झुरत बसलो, असंही नाही. पोट भरलं, पोरीचं शिक्षण झालं, लोक चांगले मिळाले. नुसता थकलोय. सकाळी शटर वर ढकलताना वाटतं, हे आज कुणी दुसऱ्यानं ढकलावं. कविता म्हणायला जातो तर मधला एखादा चरण गळून पडतो, आणि तो शोधत नुसतं बसून राहावं, असं वाटतं. संध्याकाळपर्यंत. पण घरातल्या प्रत्येकाची अशी समजूत आहे, की माझा जीव या पान्यात आहे, तो काढून घेतला की मी संपलो. म्हणून सगळे मिळून तो माझ्या हातात टिकवायची धडपड करताहेत. बायको कान देते, मुलगी दिवा आणते. यांना नाही कसं म्हणायचं?

आणि काल मला एकदम आठवलं. तुम्ही पाना माझ्या हातात दिलात, त्यानंतर थोड्याच दिवसांनी असेल. दुपारी पाणी प्यायला मी आत आलो. आई खिडकीपाशी गोधडी घेऊन बसली होती, आणि तुम्ही तिच्या शेजारी. तुमच्या हातात तिची सुई होती. तुम्ही ती उजेडात धरलीत, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलंत, आणि एका फटक्यात दोरा ओवलात. चष्मा नव्हता डोळ्यांवर. मग तुम्हाला मी दिसलो. तुम्ही सुई घाईघाईनं आईच्या हातात दिलीत आणि भिंतीकडे बघायला लागलात. मी म्हणालो, "अण्णा, दिसायला लागलं वाटतं." आई म्हणाली, "त्यांना दिसतंय तेवढं दिसतंय. तू जा, काम बघ तुझं."

मी गेलो आणि काम बघत राहिलो. डोळ्यांचं असंच असतं, एखादा दिवस बरा जातो, अशी मी समजूत करून घेतली. पान्याच्या पट्टीवरचा तो ठसठशीत काटा न दिसणारा माणूस सुईच्या नेढ्यात दोरा कसा ओवतो, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही. मी वाचतो म्हणालो होतो, तरी तुम्ही नको म्हणालात, त्याचाही मी विचार केला नाही. आईला माहीत होतं. तुम्ही तिला सांगितलं होतंत, की तिनं आपलं आपण ओळखलं? मघाशी विचारलं ना, तुम्हाला कसं वाटलं होतं. आता वाटतं, तुम्ही त्या दारातून आत गेलात आणि निवांत पाय पसरलेत. मी मात्र वर्षानुवर्षं तुमच्यासाठी हळू बोलत राहिलो.

हे सगळं तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहवतंय. खरं तर हे मुलीला लिहायला हवं. तिला एका ओळीत समजलं असतं. ती रागावलीही नसती. पण तिनं तो डबा टेबलावर ठेवला तेव्हाचा तिचा चेहरा आठवतो आणि हात थांबतो.

रविवारी ती येईल. तेव्हा मी तिला सांगणार आहे, की त्या दिव्याचा पिवळा कुठला आणि लाल कुठला, ते मला ओळखू येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिनंच पुढे होऊन करवलं आहे, दोन्ही डोळ्यांचं, त्यामुळे तिला काय कळायचं ते कळेल. तरी तेच सांगणार. मी थकलो, एवढं सरळ तोंडानं म्हणायला जो जोर लागतो, तो माझ्यात उरलेला नाही, अण्णा. दिसत नाही म्हणणं सोपं आहे.